पाकोळ्यांची फट

खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. हे खरं आहे. ज्या घरात घडलं त्या घरात मी चहा प्यायले आहे, आणि जिच्याबाबत घडलं ती संयोगिता माझी मावसबहीण आहे. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली. भुताखेताचा विषय निघाला की तोंडावर पदर धरून हसणारी.

आता हसत नाही.

जागा कोल्हापूर. रंकाळ्याच्या पुढे, फुलेवाडीच्या बाजूला एक वसाहत आहे, तिथलं दुमजली घर. वेळ दिवेलागणीची. अमावस्या नव्हती, ग्रहण नव्हतं. यंदाच्या चैत्रातला साधा बुधवार होता.

वरचा मजला संयोगिताकडे भाड्यानं. डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग. नवरा विजयसिंह शिरोलीच्या एका फौंड्रीत सेकंड शिफ्टला, म्हणजे संध्याकाळी घरात कधी नाहीच. सासरे हंबीरराव नातवासाठी कागलकडच्या गावाहून येऊन राहिलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. सासूबाई म्हशी सोडून हलायला तयार नाहीत, त्या गावाकडेच.

आणि राजवीर. नुकती मान धरायला लागलेला. आतल्या खोलीत, झोळीत झोपलेला.

संयोगिता भाकरी थापत होती. तिला आतून आवाज आला.

फड... फड...

साडी झटकल्यासारखा.

ती पिठाच्या हातानंच आत धावली. दिव्याभोवती काहीतरी काळं गरगरत होतं. झोळीच्या दोरीला घासून गेलं, पुन्हा वर गेलं. मुठीएवढं वटवाघूळ, पण सावली मात्र सबंध भिंतभर.

आबा मागनं टॉवेल घेऊन आले. "बाजूला हो. हाणतो भडव्याला."

"आबा, मारू नका. हात तर अजिबात लावू नका."

"आगं, पाकोळी हाय ती. काय वाघ न्हाय."

"चावली तर वाघापेक्षा वाईट."

तिनं झोळीतून बाळ उचललं, आबांच्या हातात दिलं, दोघांना बाहेर काढलं. मग आत जाऊन खिडकी सताड उघडली, दिवा बंद केला, दार ओढून घेतलं आणि दाराखालच्या फटीत चादर कोंबली. बस्स. थोड्या वेळानं बॅटरी घेऊन बघितलं, तर पाकोळी निघून गेलेली होती. घाबरलेल्या जिवाला फक्त बाहेरची वाट दिसायला हवी असते. बाकी काही करायचं नसतं. ती हे मला नेहमी सांगते.

मग तिनं राजवीरला उघडं करून बोटाबोटाच्या बेचक्या बघितल्या. कुठं ओरखडा नव्हता. तरी सकाळी डॉक्टरकडे गेलीच. झोपलेल्या बाळाला वटवाघूळ चावलं तर दात इतके बारीक, की खूण दिसत नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, खात्री नाही ना, मग जोखीम नको. रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली.

विजयसिंह म्हणाला, "तुझं म्हणजे ना, मुंगी दिसली की सर्पमित्र बोलवायचा."

"बोलवीन. पोर माझं आहे."

दुसऱ्या दिवशी सांजेला ती गच्चीत उभी राहिली. गच्चीच्या दाराच्या वर, पत्रा आणि भिंत यांच्या मध्ये तळहाताएवढी फट होती. उजेड मावळायला लागला तशा त्यातून पाकोळ्या निघाल्या. एक... मग दुसरी... मग एकदम ओंजळभर उधळल्यासारख्या. सीलिंगच्या पोकळीत त्यांची वस्ती होती.

"बुजवून टाकूया," आबा म्हणाले.

"आता नाही. आत पिल्लं असणार. उडता येत नाही तोवर आया त्यांना आत ठेवून जातात. फट बुजवली तर पिल्लं आत मरतील आणि आया घरभर शिरतील. पिल्लं उडाली, सगळ्या बाहेर गेल्या, आत कुणी राहिलं नाही याची खात्री झाली, की मगच बुजवायचं."

म्हाताऱ्याला ते पटलं नव्हतं.

संयोगितानं आतल्या बाजूच्या सगळ्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या. झोळीवर मच्छरदाणी टाकली. झालं, असं तिला वाटलं.

मग तो आवाज ऐकू यायला लागला.

थप... थप... थप...

दिवेलागणीला राजवीर रडायचा. सगळीच लेकरं त्या वेळेला किरकिरी होतात. पण राजवीर रडायला लागला की सीलिंगच्या वरून, बरोबर झोळीच्या वर, आवाज यायचा. थांबून थांबून. एका लयीत.

थप... थप...

आणि राजवीर गप्प व्हायचा. वर बघत. कधीकधी हसायचा.

पाकोळ्या पंख आपटत असतील, असं संयोगितानं स्वतःला सांगितलं. मात्र पाकोळ्या त्या वेळेला बाहेर गेलेल्या असतात, हे तिनंच तर गच्चीत उभं राहून बघितलं होतं. पिल्लं असतील मग. पिल्लांना पंख आपटायला काय झालं?

राजवीरला न्हाऊ घालायला विठाबाई यायच्या. पायावर लेकरू घेऊन, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. अंघोळीनंतर वेखंड, ओवा, लसणीची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायच्या. एक दिवस धुरी देता देता म्हणाल्या, "कालचं पिवळं झबलं कुठाय?"

"दोरीवर असेल गच्चीत."

"न्हाय की. म्या बघितलं."

"मग वाऱ्यानं गेलं असेल."

विठाबाईंचा हात थांबला. "सांजच्याला भाईर ठेवलंतं व्हय?"

लहान बाळाचे कपडे तिन्हीसांजेनंतर दोरीवर ठेवायचे नाहीत, हे आपल्याकडे प्रत्येक आईला सांगतात. पाखरू त्यावरनं ओलांडून गेलं तर लेकराला बाधतं. संयोगितालाही तिच्या आईनं सांगितलं होतं. पण लेकराचे कपडे दिवसातून दहा वेळा ओले होतात. सगळे कोण आठवणीनं आत आणणार?

"विठाबाई, पाकोळी किडे खाते. झबली नाही खात."

"खात्या असं कुटं म्हटलं म्या? ओलांडती म्हटलं."

संयोगिता हसली. तेव्हा अजून हसत होती.

मग निळं झबलं गेलं. मग लाल काठाचं. त्यानंतर ती कपडे उन्हातच काढून आत आणायला लागली. घरात स्टँडवर टाकायची. दारं लावलेली. खिडक्यांना जाळी.

एका संध्याकाळी तिनं स्टँडवर टोपडं टाकलं, दूध उतू जायला लागलं म्हणून गॅस बंद करायला गेली, परत आली...

टोपडं नव्हतं.

स्टँडला अडकवलेला चिमटा तेवढा हलत होता.

मधे ती राजवीरला घेऊन चार दिवस माहेरी, जयसिंगपूरला गेली. परत आली तेव्हा दुपार होती. आबा खुशीत होते. चहा त्यांनीच टाकला. राजवीरला मांडीवर घेऊन म्हणाले, "तुझं काम करून टाकलं बघ. काल सांजच्याला पाकोळ्या भाईर पडल्या, अन् सिमीट घालून फट बंद. आत एक ऱ्हायली न्हाय. तुझ्याच पद्धतीनं."

संयोगितानं पिशवी खाली ठेवली.

"आबा, पिल्लं?"

"कसली पिल्लं? म्या कान देऊन ऐकलं. गप हुतं समदं."

काल सांजेला पिल्लं गप असतीलही, पण रात्रभर उपाशी राहिल्यावर आता गप नव्हती. सीलिंगला कान लावला तर बारीक आवाज येत होता. सुईनं काच ओरखडावी तसा. ची... ची... ची...

आणि तिन्हीसांजेला बाहेरून आया आल्या.

संयोगिता मला हे सांगताना खाली बघते. सगळ्या पाकोळ्या त्या सिमेंटवर येऊन आपटत होत्या. गच्चीच्या दाराला, जाळीला, पत्र्याला. पडत होत्या, पुन्हा उडत होत्या. आत राजवीरनं रडायला सुरुवात केली. आबा त्याला घेऊन येरझाऱ्या घालत होते, तो थांबत नव्हता. काळानिळा पडायला लागला. श्वास अडकत होता.

आणि वरून तो आवाज नव्हता.

थपथप नव्हती. पहिल्यांदाच.

आत पिल्लं होती, तरी थपथप नव्हती. म्हणजे तो आवाज पिल्लांचा नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण त्या वेळी तिच्या कानात दोनच आवाज होते. एक तिच्या लेकराचा आणि दुसरा वरच्या लेकरांचा.

"आबा, छिन्नी-हातोडी कुठाय?"

"आगं, लेकराच्या घरात पाकोळ्या पाळायच्या व्हय?"

"द्या."

"लोक हसतील पोरी..."

"हसू देत. द्या आबा."

तिनं विजयसिंहाचे फौंड्रीतले चामडी हातमोजे घातले, तोंडाला ओढणी बांधली, स्टुलावर चढली. सिमेंट अजून पुरतं धरलेलं नव्हतं. घाव घातले तसे ढेकळं निघाली. ती बाजूला होऊन भिंतीला चिकटून उभी राहिली.

पाकोळ्या आत गेल्या. तिच्या कानाजवळून, एकीमागून एक, अंगाला स्पर्शसुद्धा न करता. आतली चीची वाढली आणि मग एकदम शांत झाली. प्यायला मिळालं की होतं तसं.

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची पाकोळी गेली. ती स्टुलावरून उतरणार...

तेवढ्यात तिच्या कानाजवळून अजून काहीतरी गेलं.

पंखांचा आवाज नव्हता. वारा नव्हता. फक्त वास होता.

वेखंड... ओवा... लसणीची सालं...

धुरीचा वास. बाहेरून आला, तिच्या गालाला घासून आत गेला. धुरी सकाळी द्यायची असते. त्या दिवशी तर धुरी झालीच नव्हती, ती दुपारी माहेराहून आली होती.

घरात राजवीरचं रडणं मध्येच तुटलं.

ती आत धावली. आबा मोरीपाशी उभे राहून दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होते. घामाघूम. राजवीर झोळीत होता. वर बघत होता.

थप... थप... थप...

"गप झालं बघ आपोआप," आबा म्हणाले. मग त्यांनीही वर बघितलं. "पंख आपटत्यात की काय..."

पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते म्हशींचं कारण काढून गावाला गेले, ते अजून आलेले नाहीत.

तेव्हा संयोगिताला कळलं. आबांनी फट बुजवली त्या सांजेला पाकोळ्यांबरोबर अजून कुणीतरी बाहेर गेलं होतं. बाहेरच राहिलं होतं.

आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला वाट करून दिली.

पुढचे दिवस ती सांगत नाही फारसे. मृगाच्या आधी पिल्लं उडायला लागली. तिनं फटीवर वरून जाळीचा पडदा सोडला, खालून मोकळा. पाकोळ्या त्याखालून निसटून बाहेर जातात, परत येताना वाट सापडत नाही. चार-पाच संध्याकाळी तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पाकोळ्या गेल्या, दुसरीकडे कुठं तरी राहायला लागल्या. सीलिंगवर साधी खसखसही राहिली नाही.

थपथप राहिली.

विजयसिंहानं सुट्टीच्या दिवशी स्वतः ऐकली. मग त्यानं चेष्टा केली नाही.

रविवारी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, सीलिंगची एक फळी काढायचं ठरलं. वरची घाण काढायचीच होती. राजवीरला खाली घरमालकिणीकडे ठेवलं. दोघांनी मास्क लावले, हातमोजे घातले. पाकोळ्यांची लेंडी सुकी झाडायची नसते, धूळ छातीत जाते, म्हणून फवाऱ्यानं पाणी मारायची तयारी केली. विजयसिंह शिडीवर चढला. बॅटरी घेऊन डोकं आत घातलं.

बराच वेळ त्याचं डोकं आतच होतं.

"काय आहे हो?"

तो उतरला. मास्क काढला. "तूच बघ."

लेंड्यांचा थर होता, सगळीकडे पसरलेला. आणि झोळीच्या बरोबर वर, तेवढीच जागा स्वच्छ. सारवल्यासारखी.

त्या जागेवर, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपला, ओळीनं कपडे लटकलेले होते.

उलटे. घेर वर, गळा खाली. पाकोळ्या लटकतात तसे.

पिवळं झबलं. निळं. लाल काठाचं. टोपडं.

धुतलेले. एकावरही डाग नव्हता. संयोगितानं हात लावला... ओलसर होते. एप्रिलमध्ये गेलेलं पिवळं झबलं जून महिन्यात ओलसर.

आणि त्यांच्या पलीकडे अजून कपडे होते. राजवीरचे नसलेले. एक जुन्या मऊ लुगड्याचं, हातानं शिवलेलं. एक बदकांच्या चित्रांचं, रंग उडालेलं. अशी ओळ अंधारात पार आतपर्यंत गेली होती. बॅटरीचा उजेड संपला, ओळ संपली नव्हती.

संयोगिता आई आहे. कपडा बघून बाळ केवढं, हे तिला लगेच कळतं. सगळे कपडे झोळीतल्या लेकरांचे होते.

रांगणाऱ्या पोराला बसेल असा त्यात एकही नव्हता.

राजवीर तेव्हा पोटावर पालथा पडून गुडघे टेकायला लागला होता.

तिनं विठाबाईंना सांगितलं. विठाबाईंनी आधी राजवीरचे पाय नीट धुऊन घेतले. मग म्हणाल्या, "लेकरू रांगाय लागलं की त्याला थोपटाय लागत न्हाय गं. सोडून देत आसंल. भिऊ नगं."

"आणि दुसरं काही असेल तर?"

"दुसरं कशापायी आसंल?"

पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. आणि बाळाचे पाय पुसायच्या पंचानं त्या स्वतःचे हात पुसत राहिल्या, कोरडे झाले तरी.

घरमालकीण म्हणते, आधीच्या भाडेकरूंनी कधी काही तक्रार केली नाही. त्यांना मूल होतं का, विचारलं तर म्हणते, होतं की. आता कुठं असतात ते, विचारलं तर म्हणते, काय की बाई.

राजवीरचे चार कपडे संयोगितानं काढून आणले, गरम पाण्यात धुतले, कपाटात कुलुपात ठेवले. दुसऱ्या सांजेला कुलूप होतं. कपडे नव्हते.

मी परवा तिच्याकडे गेले होते. माझ्या मुलीला घेऊन. ती राजवीरपेक्षा महिनाभरानं लहान आहे. संयोगिता खूप वाळली आहे. बोलता बोलता सारखी वर बघते. घर शोधतायत, पण लहान बाळ म्हटल्यावर पटकन मिळत नाही. गच्चीच्या दारावरची फट अजून उघडीच होती.

मी म्हटलं, "बुजवून का टाकत नाहीस? पाकोळ्या तर गेल्या."

ती म्हणाली,

"पाकोळ्या बाहेर गेलेल्या दिसतात गं. हे कधी बाहेर जातं, कधी आत येतं, मला कसं दिसणार? आत असताना बुजवली तर?"

ते वाक्य मी तिच्याकडून कितीदा ऐकलं होतं. आत कुणी राहिलं नाही याची खात्री झाल्याशिवाय बुजवायचं नाही. पण ते तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं.

दिवे लागायच्या आत मी तिथून निघाले. मुद्दाम.

राजवीर रांगायला लागला का, असं मी रोज फोनवर विचारते. ती म्हणते, नाही अजून. गुडघ्यावर येतो, वर बघतो, परत आडवा होतो. रांगला की सुटेल की रांगायच्या आतच काही होईल, हे तिला ठाऊक नाही. म्हणून ती त्याला शिकवतही नाही आणि थांबवतही नाही. नुसती शेजारी बसून असते.

एक सांगायचं राहिलं.

घरी आल्यावर बघितलं तर माझ्या मुलीचं गुलाबी टोपडं पिशवीत नव्हतं. संयोगिताला फोन केला. तिनं सगळीकडे शोधलं. नाही सापडलं. सीलिंगची फळी काढून वर बघ, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिचीही झाली नाही.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. वर पत्रा नाही, सीलिंग नाही, नुसता स्लॅब. पाकोळीच काय, मुंगी शिरेल अशी फट नाही. मी स्टुलावर चढून प्रत्येक कोपरा बघितला आहे.

काल दिवेलागणीला मी कणीक मळत होते. मुलगी आतल्या खोलीत रडत होती. हात धुऊन जाते म्हणून नळ सोडला...

आणि ती एकदम गप्प झाली.

मी नळ बंद केला. कान दिला.

आवाज काही नव्हता. नुसता वास येत होता.

आमच्याकडे धुरी देत नाहीत.